समोरच्या दारातली रांगोळी

पोरांनो, वर्तमानपत्रातल्या त्या बातमीचा फोटो बाबांनी तुम्हाला पाठवला, आणि धाकटीला तो आता शाळेच्या कामासाठी हवा आहे, असं परवा फोनवर कळलं. कुठल्याही गावच्या पंचायतीनं लोकांच्या तब्येतीसाठी काय नवीन केलं, यावर तिला लिहायचं आहे. "आजी, तुझीच आयडिया होती ना?" असं ती म्हणाली. मी हो म्हटलं आणि फोन ठेवला.

फोटोत मी आहे. शेजारी पंचायतीच्या अध्यक्षा आणि पंचायतीचे सरकारी अधिकारी, पीडीओ साहेब आहेत, आणि कडेला अर्धा कापला गेलेला, गावाला नळाचं पाणी सोडणारा आमचा वाटरमन. बातमीतला शब्द न् शब्द खरा आहे. पण ती छापून आल्यावर दीड महिन्यात समोरच्या अक्का गेल्या, आणि त्यांच्या मरणापायी वाटरमनचं अठरा वर्षांचं काम जायची वेळ आली. या दोन्हींत माझा हात आहे. तुमच्या बाबांना ते माहीत आहे, तुम्हाला नाही. म्हणून क्रमानं लिहिते.

आपलं गाव तुम्ही लहानपणी पाहिलंय, सीमाभागातलं, हुलसूर आणि मंठाळच्या मधलं. तेव्हापेक्षा आता घरं जास्त आणि माणसं कमी आहेत. तरुण मंडळी हैदराबादला, पुण्याला, बेंगळुरूला. मागे उरली ती आम्ही म्हातारी. दोन वर्षांपूर्वी वेशीजवळचे एक निवृत्त पोस्टमन घरात वारले आणि तीन दिवस कुणाला कळलं नाही. चौथ्या दिवशी शेजारच्यांनी दार फोडलं. त्यानंतरच्या ग्रामसभेत कुणाला कुणाच्या तोंडाकडे बघवत नव्हतं.

आपली पंचायत तशी निष्क्रिय नव्हती. वाचनालयात दर गुरुवारी बीपी आणि शुगर तपासायची सोय होती. देवळाच्या पायऱ्यांना म्हाताऱ्यांसाठी लोखंडी कठडा बसवला होता. पण बंद दाराआड काय चाललंय, हे कळायचं कसं? कुणी म्हणालं, कॅमेरे लावा. कुणी म्हणालं, फोन द्या. मी मात्र उठून सांगितलं की नवीन काही आणायची गरज नाही. गावात रोज सकाळी दोन गोष्टी न चुकता होतात. वाटरमन नळाचे व्हॉल्व्ह सोडत आणि बंद करत प्रत्येक गल्लीतून दोनदा जातो. आणि प्रत्येक बाई उठल्याबरोबर दारात सडा घालून रांगोळी काढते. ज्या घरात सुतक असतं तेवढ्याच घरासमोर रांगोळी नसते. तेव्हा एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांची यादी करा, आणि वाटरमनच्या दुसऱ्या फेरीपर्यंत ज्या दारात रांगोळी दिसणार नाही तिथं त्यानं हाक मारायची. ओ आली नाही तर आशा कार्यकर्तीला फोन करायचा. परगावी जायचं असेल तर आदल्या दिवशी वाटरमनला सांगून जायचं. बस्स.

"आन आमी गडीमाणसांनी काय करायचं, टीचर?" मागून एका अप्पांनी विचारलं. "मिशीला पीळ देऊन रांगोळी काढत बसू का?"

"काढा की अप्पा," अध्यक्षा म्हणाल्या. "दारात ठिपके घातलं म्हणून मिशी काय गळून पडत न्हाई."

शेवटी ठरलं की एकट्या पुरुषांनी दाराबाहेर खुर्ची ठेवायची, आणि मुसलमानांच्या घरी दाराचा पडदा वर खोचायचा. यादी मी केली, रेघा मारलेल्या कागदावर, गल्लीवार. वीसेक घरं झाली. वाटरमनला एक वही दिली. घर ठीक असेल तर त्यानं बरोबरची खूण करायची.

आणि ते चाललं. कोळ्याच्या गल्लीत एक आजी शुगर उतरून पडल्या होत्या, त्यांना वाटरमननंच वेळेत शोधलं. त्याची ती बातमी. बातमी वाचून कलबुर्गीकडच्या काही पंचायतींनी कळवलं की आम्हाला ही पद्धत बघायला यायचं आहे. श्रावणातला एक शुक्रवार ठरला. दाखवायला आमची गल्ली निवडली, कारण ती सगळ्यांत नेटकी.

आता समोरच्या अक्कांबद्दल. तुम्ही त्यांच्या अंगणातले पेरू खाल्लेत. माझ्याहून आठ वर्षांनी मोठ्या. शाळेचं तोंड न पाहिलेल्या, मला "टीचर" म्हणायच्या आणि एकेरीत बोलायच्या. त्यांची रांगोळी म्हणजे पाच पाकळ्यांचं कमळ, हातानं सोडलेलं, रोज थोडं वाकडं. माझी ठिपक्यांची. त्या आपल्या उंबऱ्यातून बघायच्या आणि म्हणायच्या, "रांगोळी घालायलीस का शाळेचं टाइमटेबल लिहायलीस गं?"

गुरुवारी संध्याकाळी त्या म्हणाल्या, "उद्या पैल्या बशीनं मुडबीला जायले. लेकीकडं. रविवारी येते."

"उद्या पाहुणे येणार आहेत, अक्का. एक दिवस थांबा की."

"कामून? माझं थोबाड बघायला यायलेत का कलबुर्गीहून? तू हाईस की मिरवायला."

"वाटरमनला सांगितलंत का?"

"तूच सांग की. तुझीच शाळा हाय ती."

मी सांगते म्हटलं आणि विसरले. पाहुण्यांसमोर काय बोलायचं ते मी वहीत उतरवत होते.

शुक्रवारी सकाळी मी दार उघडलं तेव्हा साडेसहा झाले होते. पहिली बस जाऊन तास उलटला होता. समोरचं दार बंद, अंगण कोरडं, उंबरा उघडा. अख्ख्या गल्लीत तेवढंच एक दार सुतकातल्यासारखं. आता वाटरमन येणार, हाक मारणार, ओ येणार नाही, आणि तेवढ्यात पाहुण्यांची जीप दारात उभी राहणार. मग मीच सांगायचं, की नियम मी केला आणि निरोप द्यायला मीच विसरले. मी माझी बादली उचलली आणि अक्कांच्या दारात सडा घातला. रांगोळी काढली. माझी नाही, त्यांची काढली. पाच पाकळ्यांचं कमळ, मुद्दाम थोडं वाकडं.

दाराला बाहेरून कुलूप नव्हतं. अक्का परगावी जाताना कुलूप लावायच्या. ते मला तेव्हा दिसलं होतं का, याचं उत्तर मी स्वतःला फार वेळा विचारलंय. मी दारापासून दोन हातांवर वाकले होते. दिसलं नाही असं म्हणणं मला जमत नाही.

दहाच्या सुमारास पीडीओ साहेबांचा निरोप आला: पाहुण्यांची गाडी बिघडली, उद्या येतील. शनिवारी सकाळी मी पुन्हा बादली उचलली. एकदा केलेलं दुसऱ्यांदा करायला काही वाटत नाही, हे तुम्ही लक्षात ठेवा.

शनिवारी पाहुणे आले. हलगी वाजली, बायकांनी ओवाळलं, फेटे बांधले. वाटरमननं धुतलेला पांढरा शर्ट घातला होता. वही छातीशी धरून तो सगळ्यांना गल्लीतून घेऊन गेला. अक्कांच्या दारासमोर थांबून त्यानं कन्नडमध्ये सांगितलं आणि मग आमच्यासाठी मराठीत. "ह्ये बघा. इथं एक म्हातारी एकटी ऱ्हाते. रांगोळी हाय, म्हंजी बाई ठीक हाय." त्यानं वहीत सगळ्यांदेखत खूण केली. पाहुण्यांनी त्या कमळाचे फोटो काढले. मी त्यांच्यात उभी होते. अक्का मुडबीला आहेत हे मला पक्कं माहीत होतं, आणि ते सांगितलं तर रांगोळी कुणी काढली हेही सांगावं लागलं असतं. मी हसून मान डोलावली.

रविवारी वाटरमनला सुट्टी दिली होती; व्हॉल्व्ह बदली माणसानं सोडले, वही कुणी फिरवली नाही. दुपारी अक्कांच्या लेकीचा मुडबीहून फोन आला. "मावशी, आई फोन उचलंना झालीय. परवा येते म्हणली, आली न्हाई. तुमच्याकडं हाय का?"

मी फोन ठेवला आणि वाटरमनला बोलवायला धावले. दार आतून कडी लावलेलं होतं. वाटरमन आणि दोन माणसांनी ते उचकटलं. अक्का मागच्या न्हाणीत पडलेल्या होत्या, शुक्रवारी पहाटे बसला जायच्या आधी अंघोळीला गेलेल्या. खुबा मोडला होता. पाण्याचा रांजण हातभर लांब होता, आणि तेवढं त्यांना सरकता आलं नव्हतं. जिवंत होत्या.

बसवकल्याणला नेलं, तिथून कलबुर्गीला. डॉक्टरांनी सांगितलं की हाडापेक्षा दोन दिवस पाण्यावाचून काढल्यानं मूत्रपिंडांनी दगा दिलाय. तिसऱ्या दिवशी त्या थोड्या शुद्धीवर होत्या. मी खाटेच्या पायाशी उभी होते. त्या लेकीशी बोलत होत्या, तुटक, ओठांना भेगा पडलेल्या.

"सडा पडला बघ दारात. छप्प करून. म्या वरडले. कुणीतर हाय म्हणून वरडले. दुसऱ्या दिशी बी पडला. मग हलगी वाजली."

लेक रडायला लागली. "कोण होतं आई?"

अक्कांनी डोळे मिटले. त्यांना माहीत होतं की नव्हतं, मला कळलं नाही. मी बोलू शकले असते. मी त्यांच्या पायांवरची चादर सारखी केली. पाचव्या दिवशी त्या गेल्या.

गावाला कुणावर तरी राग काढायचा होता, आणि माणूस तयारच होता. वहीत दोन्ही दिवस बरोबरची खूण. पाहुण्यांच्या मोबाइलमध्ये रांगोळीचे फोटो. आत बाई पडलेली, तर मग रांगोळी काय भुतानं काढली? वाटरमनची बायको पंचायतीच्या प्रत्येक कार्यक्रमात रांगोळी काढते. पाहुण्यांपुढं फजिती नको म्हणून ह्यानंच बायकोकडून काढून घेतली, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं. पीडीओ साहेबांनी त्याला कामावर यायचं नाही म्हणून सांगितलं. पक्का निर्णय पुढच्या ग्रामसभेत. व्हॉल्व्ह सोडायला त्याच्या जागी दुसराच माणूस येऊ लागला.

चार दिवसांनी तो माझ्याकडे आला. पायरीवरच बसला, वर आला नाही. पन्नाशी उलटलेला माणूस, एका पायानं थोडा अधू.

"टीचर, तुमी समोरच ऱ्हाता. माझी बायको ह्या गल्लीत आली व्हती का तुमीच सांगा. रांगोळी दोन्ही दिशी व्हती का न्हाई?"

"होती," मी म्हटलं.

"मग तेवढं ग्रामसभेत बोला. तुमचं लोक ऐकतील. माझं कोण ऐकायलंय?"

"बोलू," मी म्हटलं. त्यानं दोन्ही हात जोडले. मी त्याला चहा विचारला. तो नको म्हणाला, सुतक असल्यासारखा.

त्या रात्री मी तुमच्या बाबांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "आई, तू मुद्दाम केलं नाहीस. पण लोक पोलिसांत गेले तर? या वयात? रांगोळी होती एवढंच सांग, कुणी काढली ते कशाला?" त्यांना दोष देऊ नका. इतक्या लांबून आईसाठी दुसरं काय सुचणार? मला त्यांचं म्हणणं आवडलं, हेही लिहून ठेवते. पुढचे बरेच दिवस मी तेच वाक्य घोकत होते: रांगोळी होती, मी पाहिली. त्यात एकही अक्षर खोटं नव्हतं.

ग्रामसभा अक्का गेल्यावर बावीस दिवसांनी भरली. देवळाच्या मंडपात पाय ठेवायला जागा नव्हती. अक्कांची लेक पुढे बसली होती. वाटरमन खांबाला टेकून उभा, त्याची बायको बायकांच्या अगदी मागे, तिच्या आजूबाजूला हातभर जागा मोकळी. पीडीओ साहेबांनी वही वाचून दाखवली. एक जण ओरडला, "त्याच्या बायकोला इचारा, कमळ कुणी शिकवलं तिला!" लोक हसले. खरंच हसले.

मी उठले. वाक्य तयार होतं. ते अर्धं म्हटल्यावर अक्कांच्या लेकीनं मागे वळून माझ्याकडे बघितलं, आणि तिच्या चेहऱ्यावर आशा होती, आता मावशी खरं सांगतील अशी. मी म्हटलं, "ती रांगोळी मी काढली. दोन्ही दिवस. सडाही मीच घातला."

अध्यक्षा म्हणाल्या, "टीचर, तुमाला लई धक्का बसलाय. खाली बसा तुमी."

"मला धक्का बसलेला नाही. अक्का मुडबीला गेल्या असं समजून मी काढली. पाहुण्यांना उघडा उंबरा दिसू नये म्हणून. वाटरमनला यातलं काही माहीत नव्हतं. त्याच्या बायकोलाही."

"मग आजपत्तूर कामून बोलला न्हाईत?" ज्यांनी मिशीची थट्टा केली होती ते अप्पाच विचारत होते. थट्टा नव्हती आता.

अक्कांची लेक उठली. "मावशी, कुलूप बघितलं न्हाईत?"

"नाही बघितलं."

"आई वरडायली व्हती. तुमी दारात व्हता."

"हो."

तिनं पदर खांद्यावर ओढला आणि ती मंडपातून निघून गेली. तिनं पोलिसांत तक्रार केली नाही. ती त्यानंतर माझ्याशी बोललेलीही नाही. घराला आता बाहेरून मोठं कुलूप आहे.

वाटरमनला काम परत मिळालं. पीडीओ साहेबांनी त्याची माफी मागितली, कन्नडमध्ये आणि मग मराठीत. सभा संपल्यावर मी त्याच्याकडे गेले. मी काही बोलायच्या आत तोच बोलला, हळू, आदरानं, जसा तो नेहमी बोलतो.

"पैल्या दिशी बोलला असता तर बरं झालं असतं, टीचर. पोरीची सोयरीक ठरली व्हती भालकीला. म्हातारीला मारणाऱ्याच्या घरची पोर नको म्हणले. गेल्या सोमवारी मोडली."

मी खरं न सांगता काढलेले बावीस दिवस मोजले होते, आणि त्यात त्याची मुलगी मोजलीच नव्हती. मी भालकीला जाऊन त्या लोकांना भेटले. त्यांनी पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं आणि सांगितलं की मुलाचं दुसरीकडे जमलंय.

पंचायतीची ती पद्धत अजून चालू आहे, पण नियम बदलला. रांगोळी, खुर्ची, पडदा काही धरायचं नाही. वाटरमननं प्रत्येक दारासमोर उभं राहून हाक मारायची, आणि आतून त्याच माणसाचा आवाज ऐकल्याशिवाय वहीत खूण करायची नाही. त्याची फेरी आता तासभर लांबते आणि नळाला पाणी उशिरा येतं. लोक कुरकुरतात, पण नियम मोडत नाहीत. आधीच्या यादीत माझं घर नव्हतं. ती यादी मीच केली होती, आणि एकटी म्हातारी म्हणून मी स्वतःला धरलं नव्हतं. आता आहे.

तो रोज सकाळी येतो. "टीचर!" म्हणून हाक मारतो. मी "हो" म्हणते. पूर्वी तो पायरीवर बसून चहा घ्यायचा, सुनेची आणि व्हॉल्व्हची गाऱ्हाणी सांगायचा. आता बसत नाही. मागच्या आठवड्यात माझा घसा बसला होता. मी "हो" म्हटलं ते माझं मलाच ऐकू आलं नाही. त्यानं पुन्हा हाक मारली, मग कडी वाजवली, मग दार धडाधडा बडवलं. मी उठून दार उघडेपर्यंत तो बडवायचा थांबला नाही. माझ्याकडे डोक्यापासून पायापर्यंत नीट बघितलं, पेन्सिल काढली आणि वहीत खूण केली.

"मोठ्यानं बोलत जावा, टीचर," तो म्हणाला. "मला ऐकू आलं पायजे." आणि पुढच्या दारी गेला.